भुकेला कोंडा, निजेला धोंडा... आणि कोलेस्टेरॉलला?

मागच्या रक्ततपासणीत माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जरा जास्त निघालं. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. मग इथे ग्लेन वेव्हर्लीत, किंग्सवेवरच्या एका दुकानातून 'राइस ब्रॅन'चं पाकीट आणलं. फोनवर आईला सांगितलं, तर म्हणाली, "अरे, म्हणजे कोंडाच ना? तो आपण गुरांना घालायचो!"

इंजिनिअरला मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

भाताचं वरचं टरफल म्हणजे तूस. त्याखालचा तपकिरी पापुद्रा म्हणजे कोंडा. हातसडीच्या तांदळावर तो बराचसा राहायचा. गिरण्या आल्या, तांदूळ पांढराशुभ्र झाला आणि आशियात बेरीबेरी फैलावली. 1890 च्या दशकात जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरांना दिसलं, की नुसता पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की बऱ्या होतात. या कामासाठी 1929 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. कोंड्यातलं ते द्रव्य म्हणजे ब1 जीवनसत्त्व.

एवढा गुणी कोंडा मग गुरांपुढे का? कारण त्यातलं 15 ते 20 टक्के तेल. दाणा सडला की लायपेज नावाचं विकर त्या तेलावर तुटून पडतं आणि काही तासांत कोंडा खवट व्हायला लागतो. 1980 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी कोंडा ताजा असतानाच चांगला तापवून ते विकर निकामी करायची पद्धत बसवली. माझं पाकीट टिकतं ते अशाच युक्तीमुळे.

आता कोलेस्टेरॉल. 1990 साली ऑस्ट्रेलियातल्याच सीएसआयआरओ संस्थेचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 24 पुरुषांना गहू, तांदूळ आणि ओटचा कोंडा आळीपाळीने दिला होता. एलडीएल उतरलं ते ओटने! 2005 साली लुइझियानातल्या प्रयोगात तेल काढून घेतलेल्या तांदळाच्या कोंड्याने काहीच फरक पडला नाही. त्याच्या तेलाने मात्र एलडीएल सुमारे 7 टक्के कमी झालं.

म्हणजे गंमत बघा, ज्या तेलामुळे कोंडा खवट होऊन गोठ्यात जायचा, गुण त्या तेलातच. माझ्या दोन मोठ्या चमच्यांत ते जेमतेम 3 ग्रॅम!

असो. पाकीट संपवीन, पोट तरी साफ राहतं. पण तीन महिन्यांनी डॉक्टर गोळी घ्या म्हणाले, तर निमूट घेईन. कोंड्याचा मांडा करत बसणार नाही.