संत्र्याच्या सालीतला ‘उजवा’ रेणू: सुगंधी तेल असली की भेसळीचं, कसं ओळखतात?

रिद्धपूर म्हटलं की महानुभाव पंथ आठवतो. पण हे गाव अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं, म्हणजे संत्र्याच्या पट्ट्यातलं. संत्रं सोलताना सालीतून बारीक फवारा उडतो, तेच संत्र्याचं सुगंधी तेल. त्यात सर्वात मोठा वाटा लिमोनीनचा असतो.

उजवा-डावा म्हणजे काय?
उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही. काही रेणूंचंही तसंच. अणू तेच, पण रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी. अशा रेणूंना ‘कायरल’ म्हणतात. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये असे दोन प्रकारचे स्फटिक हाताने वेगळे केले होते.

संत्र्यातलं जवळपास सगळं लिमोनीन उजवं असतं. ‘उजवं संत्र्यात, डावं लिंबात’ अशा पोस्ट फिरतात, पण ते चूक आहे. लिंबाच्या सालीतही मुख्यतः उजवंच असतं.

मग फरक पडतो कुठे?
स्पेअरमिंट पुदिन्याचा वास डाव्या कार्व्होनचा, तर शेपूच्या बियांमध्ये उजवं कार्व्होन. रेणूसूत्र एकच, वास वेगळे. कारण नाकातली वास ओळखणारी प्रथिनंही कायरल असतात. शरीरातल्या इतर प्रथिनांचंही तेच. म्हणून एका रूपाचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही.

भेसळ कशी पकडतात?
साध्या गॅस क्रोमॅटोग्राफीत दोन्ही रूपं एकत्रच दिसतात. म्हणून यंत्राच्या नळीत सायक्लोडेक्स्ट्रिन वापरतात. हा स्टार्चपासून बनणारा पदार्थ स्वतःच कायरल असल्यामुळे एका रूपाला जास्त वेळ धरून ठेवतो आणि दोन्ही वेगळी बाहेर पडतात. लॅव्हेंडरच्या असली तेलात लिनालूल बहुतांश डावं असतं, धन्याच्या तेलात बहुतांश उजवं. कारखान्यात बनवलेल्या लिनालूलमध्ये मात्र सहसा दोन्ही निम्मं-निम्मं. लॅव्हेंडरच्या तेलात उजव्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं की संशय घ्यायला जागा आहे.

आपण काय लक्षात ठेवायचं?
नुसत्या वासावरून असली-नकली ठरवता येत नाही. आणि असली तेलही निर्धोक असतंच असं नाही. हवा लागून लिमोनीनचं ऑक्सिडेशन झालं की त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. म्हणून बाटली घट्ट बंद ठेवा, जुनं तेल अंगाला लावू नका.