घोड्यांची वाट

"फ्रान्सला जाऊन मातीच्या रस्त्यावर सायकल चालवलीस? तिथले रस्ते तर चांगले असतात म्हणे!"

मावशीचा फोनवरचा पहिला प्रश्न. चुकीचा अजिबात नव्हता. चांगले असतातच. पण चांगल्या रस्त्यांवर गाड्याही असतात, आणि मला गाड्या नको होत्या. हल्ली जाड टायरच्या, खडीवर न घसरणाऱ्या सायकली निघाल्या आहेत, त्यांना ग्रॅव्हल बाइक म्हणतात. तसली एक भाड्याने घेतली आणि दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी नावाच्या कालव्याच्या काठाने काही दिवस हिंडलो. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकाठच्या तो नावाच्या खाडीपर्यंत हा कालवा २४० किलोमीटर जातो. सुरुवातीचे पन्नासेक किलोमीटर काठाला गुळगुळीत डांबरी पट्टा आहे. पुढे अनेक ठिकाणी नुसती माती, बारीक खडी आणि झाडांची वर आलेली मुळं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला द्राक्षमळे. तासन् तास हॉर्न नाही.

पहिल्या दिवशी मनात आलं, किती नैसर्गिक शांतता आहे! दोन दिवसांनी कळलं की यात नैसर्गिक असं जवळजवळ काहीच नाही.

पहिली शंका आली ती चढ लागत नाही म्हणून. आजूबाजूला टेकड्या दिसतात, पण आपली वाट सपाट. चढायचं ते फक्त लॉकपाशी. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन दरवाज्यांमधल्या कुंडीत बोट घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट वर किंवा खाली. बाकी सगळी वाट पाण्याच्या पातळीने जाते, आणि पाणी काही आपल्यासाठी चढ चढत नाही. बेझिए गावाच्या अलीकडे तर सलग ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. त्याची किंमत वळणांत मोजावी लागते. कालवा टेकडीची एकच उंची धरून इतका वळसे घेत जातो की समोर दिसणारं देऊळ, म्हणजे चर्च हो, अर्ध्या तासाने पुन्हा समोरच दिसतं.

हे घडवणारा माणूस पिएर-पॉल रिके. इंजिनिअर नव्हता. लाँगदॉक प्रांतात राजासाठी मिठावरचा कर गोळा करायचा मक्ता त्याच्याकडे होता. मिठाच्या कराबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको. असा माणूस लोकांना किती प्रिय असेल, कल्पना करा! पण त्याच्या डोक्यात एक वेड होतं. अटलांटिकहून भूमध्य समुद्रात जायला स्पेनला पूर्ण वळसा घालावा लागे, तो वाचवायचा. तुलूझपर्यंत गारोन नदी होतीच, तिथून पुढे कालवा खणायचा. कल्पना जुनीच होती, अडलं होतं पाण्यावर. मधल्या उंचवट्यावर, नोरूझ खिंडीपाशी, १८९ मीटर उंचीवर बारमाही पाणी आणायचं कुठून? रिकेने ते माँतान्य न्वार, म्हणजे काळ्या डोंगरातल्या ओढ्यांतून वळवून आणलं. सँ-फेरेओलला मोठं धरण बांधलं, सुमारे ६३ लाख घनमीटर पाणी साठवणारं. नोरूझला ते पाणी दोन्हीकडे वाटलं जातं, काही अटलांटिककडे, काही भूमध्य समुद्राकडे.

१६६६ साली चौदाव्या लुईने हुकूम काढला आणि कामाला सुरुवात झाली. ऐन भरात १२,००० लोक कामावर होते. त्यांत बायका बऱ्याच होत्या, आणि त्या नुसत्या पाट्या वाहायला नव्हत्या. चंद्रा मुखर्जी या समाजशास्त्रज्ञ बाईंचं २००९ साली आलेलं एक पुस्तक आहे. त्या म्हणतात की पिरेनीज डोंगरातल्या या शेतकरी बायकांना पाणी वळवायचं, खेळवायचं पिढीजात ज्ञान होतं आणि ते कालव्याच्या कामी आलं. बेझिएजवळ फाँसरानला लॉकचा जिनाच आहे, एकाखाली एक कुंड्या, २१.५ मीटर उतार. तो दोन निरक्षर भावांच्या देखरेखीखाली, बहुतांशी बायकांच्या हातांनी बांधला गेला. तिथे आम्ही सगळे फोटो काढत होतो. मीही काढले. त्या हातांपैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं.

रिके मजुरांना रविवारचा, सणाचा आणि आजारपणातल्या दिवसांचाही पगार देत असे. सतराव्या शतकात! हा चांगुलपणा की माणसं टिकवायची हुशारी, देव जाणे. पैसे मात्र त्याचे स्वतःचेही ओतले गेले. १ ऑक्टोबर १६८० ला तो गेला. मे १६८१ मध्ये कालवा सुरू झाला. म्हणजे अवघे आठ महिने कमी पडले. मागे राहिलं वीस लाखांवर लिव्र कर्ज. वारसांना नफ्याचं तोंड दिसायला १७२४ उजाडलं.

आता माझ्या वाटेबद्दल. ही वाट सायकलींसाठी नव्हतीच, चालणाऱ्यांसाठीही नव्हती. ती घोड्यांची वाट. रस्त्यावर जेमतेम टनभर ओढणारा घोडा पाण्यावरचं ओझं कितीतरी पटींनी जास्त ओढतो, फक्त त्याला काठाने सरळ, सपाट वाट हवी आणि दोर अडकेल असं मध्ये काही नको. धान्य, दारूची पिंपं, टपाल, प्रवासी, सगळं या दोराने गेलं. तुलूझहून आग्दला सुरुवातीला चार दिवस लागत. म्हणजे मी ज्याला रिकामी वाट म्हणत होतो, तो दीड-दोनशे वर्षं या भागातला सगळ्यात गजबजलेला हमरस्ता होता.

मग तो रिकामा कसा झाला? बेझिएजवळच मालपास नावाची टेकडी आहे, तिच्या पोटात उत्तर आहे. १६७९ च्या सुमारास रिकेने ही टेकडी फोडून कालवा आरपार नेला. त्याच टेकडीत त्याहून जुना एक बोगदा आहे, १२४७ साली माँतादीचं तळं कोरडं करून शेती करायला खणलेला. आणि कालव्याच्या खालून तिसरा बोगदा जातो, तो रेल्वेचा. १८५७ साली बोर्दो ते सेत रेल्वे पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, त्याच रेल्वे कंपनीला कालवा ४० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला! मांजराला दुधाची राखण. १८९८ साली कालवा सरकारकडे परत आला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे घोडे जाऊन इंजिनं आली, तरी मालाच्या बोटी विसाव्या शतकात कशाबशा तग धरून होत्या. १९८० चं दशक संपता संपता त्याही गेल्या. उरल्या सहलीच्या बोटी, आणि माझ्यासारखे सायकलवाले.

हे समजल्यावर त्या शांततेचा आवाज बदलला. ती रानातली शांतता नव्हती. बाजार उठून गेल्यावर मैदानात असते ना, तशी होती. कुणाचा तरी धंदा बसला, म्हणून मला हॉर्नशिवाय सायकल चालवता आली. लॉकपाशी कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली जुनी घरं आहेत. त्यांच्यासमोर सायकल टेकवून मी संत्र्याचा रस प्यायलो, छान वाटलं, आणि छान वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

आणि सावली? तीसुद्धा लावलेली. काठाचे प्लेन वृक्ष, आपल्या काश्मीरच्या चिनाराचे चुलतभाऊ, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातले. मुळं काठ धरून ठेवतात, पानं ऊन अडवतात. २००६ साली इथे एका बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली असं मानतात. इलाज नाही. रोगी झाड आणि त्याचे शेजारी तोडून जाळायचे, एवढंच. एकूण ४२,००० झाडांपैकी हजारो गेली. तशा उघड्या टप्प्यावर दुपारी दोन वाजता मी होतो. डोक्यावर ऊन, टायरखाली पांढरी खडी, आणि काठाला काठीला बांधलेली रोपं, या वेळी वेगवेगळ्या जातींची. कमरेएवढी सावली देणारी.

त्या रोपांपाशी थांबून पाणी प्यायलो तेव्हा रिकेचे ते आठ महिने आठवले. ही रोपं लावणारेही त्यांच्या सावलीत बसणार नाहीत.

असो. मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे तू दुसऱ्यांच्या घोड्यांच्या वाटेवर फुकट फिरून आलास."

हो मावशी. अगदी तसंच.