वारणेची होडी आणि आउटबोर्ड मोटरचा गिअर

वारणा नदी शिराळा तालुक्याच्या दक्षिणेस सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची हद्द आखत वाहत असल्याने, पूल होण्यापूर्वी दोन्ही काठांचा व्यवहार होडीवर आणि पुराच्या दिवसांत प्रसंगी गूळ आटवण्याच्या लोखंडी काहिलीवर चालत असे. वल्हे आणि बांबू एवढ्यावर चालणाऱ्या या साधनांत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. परंतु चांदोली येथे वारणेवर धरण होऊन 34.40 टीएमसी क्षमतेचा वसंतसागर जलाशय निर्माण झाला, तेव्हा बांबू तळाला न टेकणारे खोल पाणी तालुक्याच्या वाट्याला आले, आणि 2019 च्या महापुरात कृष्णा-वारणेच्या काठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या मोटर लावलेल्या रबरी होड्या फिरल्या, तेव्हा आउटबोर्ड मोटरवर माणसांचे प्राण किती अवलंबून असतात हे या भागाने जवळून पाहिले.

इंजिन, उभा दांडा आणि पाण्यातील पंखा यांचे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवण्याचे एकसंध यंत्र, म्हणजे आउटबोर्ड मोटर, अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड यांनी 1909 मध्ये विक्रीस आणले. त्या काळातील मोटरींना गिअर नसे. इंजिन सुरू होताच होडी चालू लागे आणि मागे यायचे तर ज्या मोटरी वळत त्या पूर्ण फिरवाव्या लागत. जॉन्सन कंपनीच्या 1949 च्या 10 अश्वशक्तीच्या मोटरीत पुढे, न्यूट्रल आणि मागे अशा तिन्ही जागा आल्या आणि पुढे ही रचना रूढ झाली.

या रचनेत दांड्याच्या खालच्या टोकाचे छोटे चक्र पुढचे आणि मागचे अशी दोन दातेरी चक्रे एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांना फिरवत असते, आणि त्यांच्यामध्ये पंख्याच्या दांड्यावर सरकणारा खाचांचा तुकडा, ज्याला डॉग क्लच म्हणतात, यांपैकी एकात अडकला की पंखा फिरतो व मध्ये राहिला की न्यूट्रल होते. हा तुकडा सरकवणारी हालचाल हातातील दांडीपासून केबल, सांधे आणि उभ्या सळईमार्गे खाली जाते. म्हणूनच जुन्या मोटरीचा गिअर पडत नसेल तर ही चक्रे असलेले खालचे घर उघडण्याची घाई करणे चुकीचे ठरते, कारण दोष बहुधा वरच, गंजून जड झालेल्या केबलमध्ये किंवा झिजलेल्या सांध्यांत असतो. इंजिन बंद ठेवून पंखा हाताने हळू फिरवत गिअर टाकून पाहावा. केबल सोडल्यावर सळई सहज हलत असेल तर खालचे घर बहुधा निर्दोष असते, आणि केबलची लांबी चुकलेली असेल तर खाचा अर्ध्याच अडकतात.

भर दिल्यावर गिअर सुटून ठक-ठक आवाज होत असेल तर मात्र डॉग क्लचच्या खाचांच्या कडा गोलावल्या असण्याची शक्यता मोठी असते, आणि याचे एक मोठे कारण चालवणाऱ्याची भीड हेच आहे: गिअर हळूहळू टाकला की कडा एकमेकींवर घासत राहतात, म्हणून इंजिनाची गती अगदी कमी करून तो एका झटक्यात टाकावा लागतो. ज्या मोटरीत गती मुळात जास्त ठेवलेली असते तिथे चांगला क्लचही करकरतो. गिअर नीट पडूनही होडी रेंगाळत असेल तर क्लचऐवजी पंख्याच्या मधल्या रबराकडे पाहावे. ते सुटले की बाहेरचा भाग मागे राहतो, आणि आतील नळी व बाहेरील भाग यांवर एकच आडवी रेघ ओढून होडी चालवली असता रेघ तुटल्याचे दिसते. लहान मोटरींत दांड्यावरील पिन मोडलेली असली तरीही पंखा फिरत नाही.

खालच्या घरातील तेल काढल्यावर ते दुधासारखे पांढरट दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे असे समजावे. अशी मोटर पुरानंतर तशीच ठेवली तर गिअर पुढच्या पावसाळ्यापर्यंत गंजून बसतो, त्यामुळे पाणी ओसरताच तेल बदलणे आणि सील तपासणे हे काम सर्वांत आधी करावे लागते.