पाळण्यापासून लांब उभा असलेला बाप : तान्ह्या बाळाच्या फोटोचा इतिहास



आपल्या गावात इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोकांना वाटतं, आता निजाम येणार, रझाकार येणार, पोलीस अ‍ॅक्शन येणार. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण आज मी एक लहानशी गोष्ट घेऊन आले आहे. ती तुमच्याच घरातल्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली आहे. तुमचे जुने फोटो.

आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या आजीचा, तुमच्या आईचा आणि तुमच्या स्वतःच्या जन्माच्या वेळचा फोटो शोधा. बाळ आठ-दहा दिवसांचं, शेजारी आई आणि शेजारी बाप, असा फोटो. पन्नाशीच्या पुढच्या माणसांना तो बहुतेक सापडणार नाही. आपल्याकडं तर जन्माची तारीखसुद्धा सापडत नाही. गुरुजींनी शाळेत नाव घातलं तो १ जून, म्हणून किती तरी जणांचा वाढदिवस १ जून. (हशा) आता तुमच्या नातवाचा असा फोटो बघा. एक नाही, मोबाईलमध्ये दोनशे निघतील. माझा प्रश्न एवढाच आहे : तो फोटो आधी का नव्हता? आणि तो आला तेव्हा आपल्या घरात नेमकं काय बदललं?

पहिलं कारण यंत्राचं. १८३९ मध्ये युरोपात छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ती मुंबईला पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड त्यात होते, आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. पण तेव्हाच्या काचेला प्रकाश घ्यायला वेळ लागायचा. कित्येक सेकंद हलायचं नाही. मोठा माणूस श्वास धरून बसेल, तान्हं लेकरू कसं बसेल? इंग्लंड-अमेरिकेत त्यावर एक युक्ती होती. खुर्चीवर कापड टाकायचं, कापडाखाली आईनं बसायचं आणि तिच्या मांडीवर बाळ. फोटोत बाळ दिसायचं, आई मात्र खुर्ची होऊन जायची. असे फोटो आज संग्रहालयांत आहेत. कापडाखालून एखादा हात तेवढा बाहेर आलेला दिसतो.

माजलगाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. सहाव्या निजामानं, महबूब अली खाननं, त्यांना नेमलं. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायका परक्या पुरुषासमोर बसणार नाहीत, म्हणून तो स्टुडिओ एका इंग्रज बाईच्या हाती दिला. यातून एक गोष्ट कळते. बाईचा फोटो काढायचा तर आधी त्यासाठी जागा तयार करावी लागते. ती जागा नवाबांच्या, जहागीरदारांच्या घरच्या बायकांना मिळाली. सिंदफणेच्या काठच्या कुणब्याच्या, मांगाच्या, वंजाऱ्याच्या घरात जन्मलेल्या लेकरासाठी ती कुठून येणार?

दुसरं कारण भीतीचं. ‘फोटो काढू नका, नजर लागंल’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ‘फोटो काढला की आयुष्य कमी होतं’ हेही. याला अंधश्रद्धा म्हणून हसणं सोपं आहे. पण त्या भीतीच्या मागं काय होतं ते बघा. १९७१ च्या सुमारास देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागं १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. त्याच्याही आधी परिस्थिती याहून वाईट होती. पाचवीला सटवाईची पूजा होते, कारण पाचवी गाठणं हीच मोठी गोष्ट होती. लेकराचं नाव दगडू, धोंडू ठेवायचे, म्हणजे मरण त्याच्याकडं ढुंकून बघणार नाही. जे टिकेल की नाही ठाऊक नाही, त्याचं चित्र काढून ठेवायचं तरी कशाला?

दादासाहेब फाळके सिनेमाकडं वळायच्या आधी फोटोग्राफर होते. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं, तेव्हा त्यांनी ते गाव सोडलं. पुढं बडोद्याला धंदा मांडला तर अफवा उठली, की कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. आणि आनंदीबाई जोशी बघा. १८८५ मधला त्यांचा फिलाडेल्फियातला फोटो, शेजारी एक जपानी आणि एक सीरियन विद्यार्थिनी, तो आपण पुस्तकात पाहतो. पण ज्या बाळामुळं त्या डॉक्टर व्हायला निघाल्या, ते दहाच दिवस जगलं. ते आपल्यापर्यंत येतं ते फक्त शब्दांतून.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ते आपल्या चालीरीतींचं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. बाप कुठं? त्याच्या गावी. सोयर दहा-बारा दिवसांचं. बाळंतिणीची खोली आतली, अंधारी, दारं-खिडक्या बंद, वारा लागू द्यायचा नाही, खाटेखाली शेगडी. आत कोण? सुईण, आई, एखादी मावशी. बाराव्या दिवशी बारसं, तेही बायकांचं. पाळण्याभोवती बायका, पुरुष ओसरीवर. बाप आलाच तर सासुरवाडीत पाहुणा म्हणून आलेला. आणि स्वतःच्या घरी तरी काय? वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलून घेणं चांगलं दिसत नव्हतं. आजोबांनी घ्यावं, चुलत्यानं घ्यावं, बापानं लांब उभं राहावं. म्हणजे बाळ, आई आणि बाप ही तीन माणसं एका चौकटीत यायची वेळच घरात यायची नाही. कॅमेरा असता तरी फोटो निघाला नसता.

पुढं कॅमेरा आलाही. बडोद्याला बनणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा साध्या माणसाचा कॅमेरा. एका रोलवर बारा फोटो. पण त्याला ऊन लागायचं, आणि बाळंतीण तर उन्हापासून, वाऱ्यापासून दूर ठेवलेली! म्हणून आपल्याकडं मुलाचा पहिला फोटो निघायचा तो वर्षभरानं, तालुक्याच्या स्टुडिओत. मागं रंगवलेला बगीचा, पुढं स्टूल, गालावर काजळाची तीट. आणि एक प्रकार तुम्ही नक्की पाहिलाय : उघड्या अंगाचं बाळ, कमरेला फक्त करगोटा. हसू नका. तो फोटो गोंडस म्हणून काढलेला असेलही, पण तो एक जाहीरनामाही होता. बघा, आमच्या घरी मुलगा झालाय. तशा पोरीचा फोटो तुम्ही कधी भिंतीवर पाहिलाय का?

इथून मी थोडी अवघड गोष्ट बोलणार आहे. बीडमध्ये बसून ती टाळता येणार नाही.

माझ्या मते बाळाचं पहिलं चित्र आता जन्मानंतर निघत नाही, जन्माच्या आधी निघतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर. हे यंत्र आईचा आणि बाळाचा जीव वाचवायला आलं, आणि आजही वाचवतं. पण त्याच चित्रावरून मुलगी ओळखून तिला जन्मू न देणंही सुरू झालं. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा याविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी आपल्या जिल्ह्याचं काय झालं? सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागं १९९१ मध्ये ९३९ मुली होत्या. २००१ मध्ये ८९४. आणि २०११ मध्ये ८०७, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. घरात फोटो नसणं म्हणजे काय हे आपण आत्तापर्यंत बोललो. इथं फोटो नाही, कारण पोरगीच नाही. त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या पोरींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्या निदान जन्मल्या तरी होत्या.

२०१५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ सुरू झालं, आणि पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीडचं नाव होतं. तो काही मानाचा तुरा नव्हता. आणि जूनमध्ये हरियाणातल्या बीबीपूर गावच्या सरपंचांनी मुलीबरोबर सेल्फी काढायची स्पर्धा घेतली. पंतप्रधानांनी ती रेडिओवरून देशाला सांगितली. सेल्फीनं पोरी वाचतात असं मी म्हणणार नाही. कायदा, डॉक्टरांवर नजर, हुंड्याचा प्रश्न, शेतीचा प्रश्न, हे सगळं मोठं आहे. पण इतिहासाच्या नजरेनं बघा. ज्या बापाला शंभर वर्षं लांब उभं केलं होतं, त्याला कोणीतरी जाहीरपणे सांगितलं, की ये, पोरीला घे, आणि फोटोत ये.

त्याआधीच एक मोठा बदल झाला होता, तो म्हणजे दवाखान्याचा. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातली सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती जवळजवळ ९५ टक्क्यांवर गेली. दवाखान्यात ओसरी नसते, माजघर नसतं. सही करायला, रक्त आणायला, औषधं आणायला बापाला यावं लागतं. नर्स बाहेर येते आणि बाळ त्याच्याच हातात देते. कुणी तरी मोबाईल काढतं. तिघांचा फोटो तिथं निघतो. खाटेवर थकलेली आई, टॉवेलात गुंडाळलेलं लेकरू आणि त्याला कसं धरावं हे न कळणारा बाप.

आणि एक कुटुंब असं आहे, जिथं बाप आधीपासून जवळच होता. तुम्ही ओळखलं असेल. ऊसतोडीला आपल्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. दसरा-दिवाळीला गाव सुटतं. दिवस भरत आले तरी मुकादमाची उचल फेडायची असते. काही लेकरं फडाजवळच्या कोपीत जन्मतात. तिथं ना माहेर, ना ओसरी. बाप तिथंच असतो, चूलही तोच पेटवतो. आता त्याच्याही हातात मोबाईल आहे. कोपीपुढं बायको, बाळ आणि तो, असा फोटो असतो. पण मोबाईल पाण्यात पडला, विकला, बिघडला की फोटो गेला. निजामाच्या काळातली काच अजून शाबूत आहे आणि मागच्या हंगामातलं लेकरू पुसलं गेलं. उद्या या जिल्ह्याचा इतिहास कोणी लिहायला बसला, तर त्याला पुन्हा वाड्यातलेच फोटो सापडतील.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एक फोटो कागदावर काढून घ्या. तालुक्याला स्टुडिओ आहेत, फार पैसे लागत नाहीत. त्याच्या मागं लिहा : तारीख, गाव किंवा फड, बाळाचं नाव, बापाचं नाव, आणि आईचं तिच्या माहेरच्या नावासकट पूर्ण नाव. बाळंतपण कोणी केलं तिचंही नाव लिहा. मुलगी असेल तर तो फोटो पेटीत नको, भिंतीवर लावा.

आणि समोर जे आजोबा बसलेत त्यांना सांगते : तुमचा मुलगा तुमच्यासमोर लेकरू उचलायला लाजत असेल, तर तुम्हीच म्हणा, ‘घे रे.’ ते शब्द कुठल्या फोटोत दिसणार नाहीत. पण फोटो निघेल तो त्यांच्यामुळंच.