तेलाच्या काठची शाळा

कॅस्पियनला आपण समुद्र म्हणतो. भूगोल मात्र त्याला जगातले सर्वांत मोठे सरोवर मानतो. क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७० हजार चौरस किलोमीटर, पाणी खारट आणि चोहोबाजूंनी जमीन. त्याच्या पश्चिम काठावर बाकू शहर आहे. मुसलमानांच्या प्रबोधनाचा इतिहास सांगताना आपण इस्तंबूल, कैरो, अलीगढपर्यंत जातो. बाकूपर्यंत सहसा पोहोचत नाही.

इथले तेल जुने आहे. दहाव्या शतकात अरब इतिहासकार अल-मसूदी याने बाकूच्या नफ्ताची नोंद केली. लोक हाताने विहिरी खणून तेल काढीत. जवळच सुराखानीच्या अग्निमंदिरात जमिनीतून निघणाऱ्या वायूची ज्योत तेवत असे आणि हिंदुस्थानातले व्यापारी तिथे पूजा करीत. तिथल्या शिलालेखांत देवनागरीही आहे, म्हणजे आपण हे वाचतो आहोत तीच लिपी. पुढे आसपासच्या उपशामुळे तो वायू आटला. १९६९ मध्ये ज्योत विझली; आता ती नळाच्या गॅसवर जळते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रशियाने बाकू जिंकले. १८४६ मध्ये बीबी-हैबत येथे तेलासाठी जमिनीला छिद्र पाडले गेले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची प्रसिद्ध विहीर त्यानंतर १३ वर्षांनी आली. १८७२ मध्ये मक्त्याची पद्धत रद्द होऊन तेलाच्या जमिनींचा लिलाव झाला. नोबेल बंधू आले, रॉथशिल्ड आले. १९०१ च्या सुमारास जगातले जवळजवळ निम्मे तेल या एका शहराच्या परिसरातून निघत होते.

हे तेल काढणारे हात कोणाचे होते? कमी मजुरीच्या, अंगमेहनतीच्या कामावर मुख्यतः स्थानिक आणि इराणहून आलेले मुसलमान होते. कौशल्याची कामे बहुधा रशियन आणि आर्मेनियन लोकांकडे होती. तालीम नव्हती, म्हणून वरची जागा नव्हती. डिसेंबर १९०४ च्या संपानंतर मालकांना कामगारांशी लेखी करार करावा लागला. पण १९०५ मध्ये मुसलमान आणि आर्मेनियन यांच्यात दंगली भडकल्या आणि तेलक्षेत्रे पेटवली गेली. एकाच मालकाकडे राबणारे एकमेकांवर उठले. हे चित्र आपल्याला अनोळखी वाटू नये.

याच शहरात हाजी झैनुलआबिदीन तागियेव होते. चांभाराचा हा मुलगा लहानपणी गवंडीकामाला लागला आणि बीबी-हैबतच्या तेलाने लक्षाधीश झाला. त्यांनी वाडा बांधलाच, पण १९०१ मध्ये मुस्लिम मुलींसाठी आधुनिक शिक्षणाची शाळाही उघडली. कर्मठांचा विरोध होता. तागियेव यांनी धर्मपंडितांचे अनुकूल अभिप्राय मिळवले आणि काम पुढे नेले. मुख्याध्यापिका हनीफा मलिकोवा होत्या. त्यांचे पती हसन बे झरदाबी यांनी १८७५ मध्ये ‘अकिंची’ हे पहिले अझरबैजानी वृत्तपत्र काढले होते.

२८ मे १९१८ रोजी अझरबैजानचे लोकशाही प्रजासत्ताक जाहीर झाले. मुस्लिम जगातल्या या आरंभीच्या प्रजासत्ताकाने स्त्रियांचा मताधिकार मान्य केला. ७ डिसेंबर १९१८ रोजी त्याची संसद भरली, ती तागियेव यांच्या मुलींच्या शाळेच्या इमारतीत. एप्रिल १९२० मध्ये लाल सैन्य तेलासाठी बाकूत शिरले आणि प्रजासत्ताक संपले. तागियेव यांची मालमत्ता जप्त झाली. १९२४ मध्ये ते वारले.

तेल मात्र वाहत राहिले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाचे बहुतांश तेल बाकूचे होते. १९४९ मध्ये किनाऱ्यापासून दूर, जुनी जहाजे बुडवून त्यांच्या आधाराने ‘नेफ्त दाशलारी’ ही तेलवसाहत पाण्यावर उभी राहिली. १९९४ मध्ये परदेशी कंपन्यांशी मोठा करार झाला आणि २००६ मध्ये १,७६८ किलोमीटरची नळवाहिनी तुर्कस्तानच्या जेहानपर्यंत सुरू झाली.

किंमत सरोवराने मोजली. अब्शेरॉनची जमीन आणि बोयुकशोरसारखी लहान तळी तेलाने काळी पडली. प्रदूषण, धरणे आणि बेसुमार मासेमारी यांमुळे स्टर्जन मासा संकटात आला. कॅस्पियनचा सीलही २००८ पासून धोक्यातल्या प्राण्यांत गणला जातो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पाणीही मागे हटते आहे. त्याला वाढते तापमान आणि बाष्पीभवन हे मोठे कारण आहे. ज्या इंधनाने बाकू घडले, त्याच्याच धुराची यात भर आहे.

तेलाचा पैसा आपल्याही दारी आला. १९७० च्या दशकापासून कोकणातले आमचे कितीतरी भाऊबंद आखातात राबले. त्या कमाईने घरे उभी राहिली, मशिदी सजल्या, लग्ने थाटात झाली. काही ठिकाणी शाळाही निघाल्या, हे नमूद करायलाच हवे. पण प्रमाण काय, हा हिशेब प्रत्येक जमातीने स्वतःशी मांडावा. बाकूतल्या त्या शाळेच्या इमारतीत आज हस्तलिखितांची संस्था आहे. पहिल्या तेलसम्राटांच्या विहिरींचा धनी कोण होता, हे मात्र तिथे जाऊन विचारावे लागते.