विष्णु दिगंबरांची घरे

कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, पटवर्धनांच्या संस्थानातले गाव. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म येथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान आणि अधूनमधून रागात बांधलेली पदे, असे संगीत या घरात रोजच्या पोटापाण्याचा भाग होते. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने डोळे भाजले आणि दृष्टी जवळजवळ गेली. शाळा सुटली, गाणे उरले.

पुढचे घर मिरजेचे. संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम मिळाली. पलुस्करांच्या घडणीचे श्रेय बहुधा मिरजेलाच दिले जाते, पण राग मिरजेचे असले तरी सभेला सोबत घेऊन गाण्याची रीत कीर्तनकाराच्या ओट्यावरची आहे. ‘रघुपति राघव’ या रामधुनीची त्यांची चाल १९३० च्या दांडीयात्रेत गायली गेली. चालत्या जमावाला पेलेल अशी चाल दरबारी मैफलीतून निघणे अवघडच होते.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघाले ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. फी, वेळापत्रक, स्वरलिपी, छापील पुस्तके असा शाळेसारखा कारभार होता. निवडक मुलांना उपदेशक वर्गात ठेवून गाणे शिकवण्यासाठीच तयार केले जाई. १९०८ मध्ये मुंबईत शाखा आली, नंतर कर्ज काढून इमारतही उभी राहिली. कर्ज मात्र फिटेना. १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. पलुस्कर नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात राहिले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत वारले.

संगीतकाराची आठवण जपताना कुठे घर जपले जाते: जर्मनीत बॉन शहरातले संगीतकार बीथोव्हनचे जन्मघर १८८९ मध्ये बारा नागरिकांनी मंडळ स्थापून वाचवले. १८९३ पासून ते संग्रहालय आहे. पलुस्करांच्या शिष्यांनी जपली ती शाळा. १९३१ मध्येच अहमदाबादेत जमून त्यांनी पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ म्हणून ओळखली गेलेली संस्था स्थापली. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांनी आपापल्या ठिकाणी तेच काम चालवले. मंडळाचा कारभार मिरजेबरोबर वाशीतूनही चालतो.  प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या मंडळाच्या परीक्षा पायरीपायरीने घेतल्या जातात. तानपुरा जुळवून परीक्षकासमोर बसणाऱ्या मुलाला रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि हातावर टाळी देत तालाचे ठेके सांगावे लागतात. बडा ख्याल पुढच्या पायऱ्यांवर येतो.