फिलिबस्टर: लुटारूंचा शब्द सेनेटमध्ये

अमेरिकेतल्या आरोग्यविम्याचा वाद ऐकताना एक शब्द हमखास कानावर पडतो: फिलिबस्टर. ऐकायला चॉकलेटचं नाव वाटावं असा हा शब्द मूळचा लुटारूंचा. डच भाषेतला ‘व्रायबाउटर’ म्हणजे मोकाट लुटारू. फ्रेंच आणि स्पॅनिश जिभांवर घासत त्याचा ‘फिलिबुस्तेरो’ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात परमुलखात खासगी फौजा घुसवणाऱ्या अमेरिकी साहसवीरांना हेच नाव पडलं. त्यांतला विल्यम वॉकर तर १८५६ मध्ये निकाराग्वाचा अध्यक्ष होऊन बसला. १८६० मध्ये होंडुरासात त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

याच सुमारास, लांबलचक भाषणं करून विधेयक रोखणाऱ्या सदस्यांनाही तो शब्द चिकटला. ही वेळेची लूट! बहुतेक विधेयकांवरची अशी अडवणूक मोडायला सेनेटमध्ये १०० पैकी ६० मतं लागतात. २४ डिसेंबर २००९ रोजी ओबामांचं आरोग्यविधेयक नेमक्या ६० मतांनी तरलं. पुढच्याच महिन्यात डेमोक्रॅट मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक हरले आणि साठावं मत गेलं. मग उरलेल्या दुरुस्त्या साध्या बहुमतावर चालणाऱ्या अर्थसंकल्पी वाटेने न्याव्या लागल्या.

आता फिलिबस्टरसाठी घसा कोरडा करायची गरज नाही. नुसता इशारा पुरतो. सत्तेतला पक्ष त्याला अडवणूक म्हणतो. विरोधात गेला की त्यालाच अल्पमताचा आवाज म्हणू लागतो. लुटारू कोण, हे बोलणाऱ्याच्या बाकावरून ठरतं.